जलपर्णी ओळखायची कशी, आणि ती जिथे वाढते ते पाणी वाचायचं कसं

फेब्रुवारी उलटला की पुण्यातल्या बऱ्याच पुलांवरून खाली पाहिलं तर पाणी दिसेनासं होतं. दिसतो तो काठाला टेकलेला गर्द हिरवा थर आणि त्यात मधूनमधून फिकट जांभळी फुलं. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, सगळीकडे तेच. कोल्हापूरकरांना ती पंचगंगेत भेटते. नाशिककर तिला पाणवेली म्हणतात. चंद्रपुरात रामाळा तलावाची बातमी आली की इकोर्निया हे नाव येतं. बाकी महाराष्ट्रात ती जलपर्णी.

पाण्यावर हिरवं काही तरंगताना दिसलं की आपण सरसकट त्याला जलपर्णी म्हणून मोकळे होतो, आणि घोटाळा तिथेच होतो. तलाव स्वच्छ करायला उत्साहाने उतरलेली माणसं कुमुद आणि शिंगाडाही उपटून टाकतात. दुसरीकडे हीच जलपर्णी नर्सरीतून विकत आणून, फुलं छान आहेत म्हणून, बंगल्यातल्या हौदात सोडली जाते. ओळख चुकली की उपायही चुकतो. म्हणून हा लेख थोडा बारकाईने लिहितो आहे. वनस्पती तर ओळखूच, पण ती ज्या पाण्यात आहे ते पाणीही ओळखू. जलपर्णीची निम्मी ओळख पाण्यातच आहे.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. कार्ल फॉन मार्टियस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्राझीलमधल्या वनस्पतींचं वर्णन करताना १८२३ च्या सुमारास तिला शास्त्रीय नाव दिलं, पॉन्टेडेरिया क्रासिपेस. पुढे ती आयकॉर्निया (बातम्यांतलं इकोर्निया ते हेच) या प्रजातीत गेली आणि शंभराहून अधिक वर्षं तिथेच राहिली. २०१८ मध्ये अभ्यासकांनी तिला पुन्हा पॉन्टेडेरियात आणलं. त्यामुळे जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्या ॲपवर दुसरं दिसलं तर गोंधळू नका, वनस्पती एकच आहे.

ती जगभर पसरली ती माणसाच्या हौसेमुळे. फुलं सुंदर, सांभाळायला काहीच त्रास नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात बागांमधल्या तळ्यांसाठी तिची ने-आण झाली. भारतात ती १८९६ च्या सुमारास बंगालमध्ये आली असं मानलं जातं. पंचवीस वर्षांत तिथले खाल म्हणजे कालवे, बिल म्हणजे उथळ तळी, आणि भातखाचरं तिने इतकी भरून टाकली की नावा अडू लागल्या. १९२१ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली आणि तिचे अध्यक्ष होते खुद्द जगदीशचंद्र बोस. १९३६ मध्ये तर बंगालने जलपर्णीसाठी स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडे दरवर्षी ‘यंदा जलपर्णी फार वाढली’ अशी बातमी येते तेव्हा मला हे सारखं आठवतं. हा प्रश्न आपल्या देशात शंभर वर्षांचा जुना आहे आणि तो नुसता उपटून सुटत नाही, हे बंगालने कधीच अनुभवलं आहे.

आता प्रत्यक्ष रोपाकडे वळू. काठाजवळचं, थोडं सुटं तरंगणारं एक रोप निवडा आणि हातात हातमोजा घालून ते उचला. शहरातल्या नदीत सांडपाणी असतं, त्यामुळे हातमोजा हवाच. रोप सहज हातात येईल, कारण ते कशालाच धरून नसतं. ही पहिली खूण. जलपर्णी साधारणपणे मोकळी तरंगते, चिखलात रुतून बसत नाही. पाणी आटून ती चिखलावर टेकली तर मुळं धरते, पण तो नाइलाज.

मग देठ बघा. सुट्या रोपाचा देठ मध्यभागी चांगलाच फुगलेला असतो. तो बोटांनी दाबला तर स्पंजासारखा लागतो. ब्लेडने आडवा कापलात तर आत हवेच्या बारीक बारीक कप्प्यांची जाळी दिसते. रोप तरंगतं ते याच हवेवर. देठाच्या टोकाला गोलसर, जाडसर, तुकतुकीत पान असतं आणि त्यातल्या शिरा कडेला समांतर वळत टोकाकडे जातात. सगळी पानं एकाच मध्यबिंदूतून गोलाकार निघतात.

रोप उलटं करा. खाली लोंबणारी मुळं काळपट जांभळी असतात आणि प्रत्येक मुळाला दोन्ही बाजूंनी अतिशय बारीक तंतू असतात. त्यांत गाळ, शंखातल्या गोगलगाई, किड्यांच्या अळ्या अडकलेल्या दिसतात. नीट पाहिलंत तर रोपाच्या बुडातून निघालेला एक आडवा, गुळगुळीत धावता दांडा सापडेल आणि त्याच्या टोकाला छोटं पिल्लू-रोप. हा दांडा तुटला की पिल्लू स्वतंत्र होतं. जलपर्णी पसरते ती मुख्यतः अशी, बियांची वाट न बघता.

पुष्कळ जण इथे एका गोष्टीत फसतात. ‘फुगलेला देठ म्हणजे जलपर्णी’ एवढंच पाठ केलं असेल, तर भर उन्हाळ्यातल्या नदीत तुम्हाला जलपर्णी सापडणारच नाही. रोपं एकमेकांना खेटून दाट वाढली की उजेडासाठी चढाओढ लागते, देठ उंच आणि सडपातळ होतात, फुगीरपणा जवळजवळ नाहीसा होतो. असे देठ हातभर सहज वाढतात, कधी त्याहून जास्त. थराच्या कडेला फुगलेल्या देठाची ठेंगणी रोपं आणि मध्यभागी कमरेएवढी उंच, बारीक देठाची झाडी असं चित्र एकाच नदीत दिसतं. दोन वेगळ्या वनस्पती वाटतात, पण दोन्ही जलपर्णीच. म्हणून शंका आली की थराच्या कडेला या, तिथली रोपं खरं सांगतात.

फूल असेल तर शंकेला जागाच नाही. एका सरळ तुऱ्यावर आठ-दहा, कधी पंधराच्या आसपास फुलं असतात. प्रत्येकाला सहा फिकट जांभळ्या पाकळ्या. त्यातली वरची सगळ्यांत रुंद, आणि तिच्यावर मोरपिसाच्या डोळ्यासारखी खूण असते, मध्ये पिवळा ठिपका आणि त्याभोवती गडद निळं वलय. फूल एक दिवस टिकतं. मग अख्खा तुरा खाली वाकतो आणि फळं पाण्याखाली पिकतात. आतलं बी अगदी बारीक असतं, आणि चिखलात पडून राहिलेलं बी १५ ते २० वर्षांनंतरही रुजू शकतं. हे पुढे कामाला येणार आहे.

फुलाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ॲमेझॉनमध्ये या वनस्पतीची फुलं तीन तऱ्हांची असतात. कुणाचा स्त्रीकेसर लांब, कुणाचा मध्यम, कुणाचा आखूड. परागीभवन एका तऱ्हेचं दुसरीशी व्हावं म्हणून ही योजना. बाहेरच्या देशांत मात्र बहुतेक ठिकाणी मध्यम स्त्रीकेसराचीच फुलं सापडतात. याचा अर्थ असा की माणसांनी नेलेली रोपं मोजकीच होती, आणि जगातल्या नद्या ज्यांनी भरल्या ती बरीचशी त्याच रोपांची तुकड्यातुकड्यांनी झालेली वाढ आहे. जनुकीय तपासण्यांतही हेच दिसलं आहे. पुण्यातलं रोप आणि आफ्रिकेतल्या एखाद्या तळ्यातलं रोप हे मूळच्या एकाच रोपाचे भाग असू शकतात.

आता सारख्या दिसणाऱ्या मंडळींकडे. शिंगाड्याबाबत सगळ्यांत जास्त गफलत होते, कारण त्याचाही देठ फुगलेला असतो. पण शिंगाड्याची पानं चौकटच्या आकाराची, कडेला दातेरी असतात आणि पाण्यावर सपाट पसरतात. ओढून पाहिलं तर खाली लांब वेल लागते आणि ती तळापर्यंत जाते. शिंगाडा आपला आहे, विदर्भात त्यावर कितीतरी कुटुंबांचं पोट चालतं. तो जलपर्णी समजून उपटला जाणं हा अन्याय आहे.

मोनोकोरिया नावाची देशी वनस्पती भातखाचरात आणि तळ्यांच्या काठी उगवते. ती जलपर्णीच्याच कुळातली. फुलं निळी-जांभळी, पानंही थोडी तशीच, त्यामुळे फोटोवरून भलेभले चुकतात. पण ती चिखलात मुळं रोवून उभी राहते, देठ फुगत नाही, फुलावर पिवळा डोळा नसतो, आणि फुलांचा गुच्छ पानाच्या देठातूनच फुटल्यासारखा दिसतो. या चार गोष्टींपैकी दोन जरी तपासल्या तरी चूक टळते.

पिस्टिया, म्हणजे गोंडाळ, हीसुद्धा तरंगते आणि जलपर्णीच्या शेजारीच दिसते. तिला देठच नसतो. फिकट हिरवी, मखमली लव असलेली, उभ्या शिरांची पानं थेट मध्यातून गुच्छाने निघतात. फूल इतकं लहान की शोधावं लागतं. काही भागांत जलकुंभी हे नाव गोंडाळीलाही वापरतात आणि जलपर्णीलाही, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नका. साल्विनिया हे नेचं आहे, त्याला फूल येणारच नाही. छोटी पानं जोडीजोडीने असतात आणि वरच्या बाजूला ताठ केस असतात, त्यामुळे पाण्याचा थेंब पानावर ठरत नाही. केरळात त्याने मोठा धुमाकूळ घातला होता.

आणि काठावरची बेशरम. गुलाबी, नरसाळ्याच्या आकाराची फुलं, तोडलं की पांढरा चीक, पोकळ फांद्या. तीही दक्षिण अमेरिकेतूनच आलेली आणि ओल्या जागीच माजणारी, पण ती काठावर उभी राहणारी झुडपं आहेत, तरंगणारी रोपं नव्हेत.

एवढं झालं की पाण्याकडे वळू, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे.

जलपर्णीला ऊन लागतं, ऊब लागते. २८ ते ३० अंश सेल्सियस तापमानात ती सर्वांत जोमाने वाढते, १० अंशांच्या खाली वाढ जवळपास थांबते. म्हणून आपल्याकडे थंडी ओसरताच ती उसळते. पाणी संथ लागतं, कारण वाहत्या पाण्यात ती टिकत नाही, निघून जाते. बंधारे, जुने पूल, नदीपात्रात टाकलेला राडारोडा, उन्हाळ्यात धरणातून बंद झालेला विसर्ग, यातलं काहीही पाणी थांबवायला पुरतं. पाणी गोडं लागतं. मीठ तिला सहन होत नाही. उल्हास नदीच्या गोड्या पाण्यात कल्याणच्या वर ती दाट वाढते, पण भरतीचं खारं पाणी जिथे पोचतं तिथे ती पिवळी पडून मरते आणि पुढे खारफुटी सुरू होते. मुंबईत पवई तलाव तिच्याने भरतो आणि ठाण्याच्या खाडीत ती तग धरत नाही, त्याचं कारण हेच.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ती म्हणजे खाऊ. नायट्रोजन आणि फॉस्फरस. ही वनस्पती जमिनीतून काही घेत नाही, तिचं सगळं जेवण पाण्यात विरघळलेलं असतं. मैलापाणी, कपडे-भांडी धुण्याच्या पावडरी, शेतातून वाहून आलेलं खत, हे तिचं अन्न. स्वच्छ, अन्नद्रव्यं कमी असलेल्या पाण्यात ती जगते, पण खुरटी राहते. पानं लहान, पिवळट, मुळं मात्र लांबच लांब, कारण अन्न शोधावं लागतं. भरपूर मैलापाणी मिळालं की उलटं होतं. पानं रुंद, गर्द हिरवी आणि मुळं आखूड. म्हणजे रोप उचलून मुळांची आणि पानांची तुलना केली तरी पाण्याची बरीच कल्पना येते. प्रयोगशाळेतल्या तपासणीची जागा हे घेऊ शकत नाही, पण कुठे तपासणी करायला हवी ते नक्की सांगतं.

हे पाणी वाचायची सवय लागली की नकाशाच बदलतो. पाषाण तलाव का भरतो, तर रामनदीतून येणारं सांडपाणी त्यात उतरतं म्हणून. पवना दापोडीला मुळेत मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि हे सगळं पाणी उजनीत जाऊन थांबतं. पावसाळ्यात पुराने नदी एका रात्रीत मोकळी होते आणि शहराला वाटतं की प्रश्न संपला. ती जलपर्णी कुठे गेली? खाली. भिगवणच्या बाजूला उथळ पाण्यात रोहित पक्षी आणि पट्टकादंब उतरतात, तिथेच शहराचं मैलापाणी आणि तरंगणारी रोपं दोन्ही पोचतात. नाशिकची गोदावरी अशीच नांदूर मध्यमेश्वरला जाते, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. ‘आमच्याकडे मैलापाणी प्रक्रिया करूनच सोडतात’ हे खरं असलं तरी जलपर्णी वाढू शकते. नेहमीच्या प्रक्रिया केंद्रांचा भर पाण्यातली सेंद्रिय घाण कमी करण्यावर असतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायला वेगळा टप्पा लागतो, आणि तो नसेल तर दिसायला स्वच्छ पाण्यातही जलपर्णीचं जेवण शिल्लक राहतं.

वाढीचा वेग समजला की पालिकांची दरवर्षीची दमछाकही समजते. अनुकूल पाण्यात जलपर्णीची संख्या एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. आपण १२ दिवस धरू. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक रोप असेल तर १२० दिवसांत दहा वेळा दुप्पट होऊन हजारावर जातं. आता उलटा हिशेब करा. नदी ९९ टक्के साफ केली, एक टक्का काठाच्या वेलींत राहिली. सात वेळा दुप्पट होताच ती पुन्हा पूर्ण भरते, म्हणजे ८४ दिवस, तीन महिन्यांच्या आत. एप्रिलमध्ये पात्र भरल्यावर यंत्रं उतरवण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत, रोपं थोडी असताना, माणसांनी वेचून काढणं कितीतरी स्वस्त पडेल. त्यात ही वनस्पती सुमारे ९५ टक्के पाणीच असते. दाट वाढलेल्या एका हेक्टरातली ओली जलपर्णी काही शे टन भरते, म्हणजे आपण मुख्यतः पाणीच ट्रकने वाहतो.

थराखाली काय होतं ते वरून दिसत नाही. उजेड अडतो, पाण्यातली शेवाळं आणि बुडून वाढणाऱ्या वनस्पती मरतात, हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळायला वाव उरत नाही. जुनी पानं कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. मासे आधी पृष्ठभागाला येतात, मग मरतात. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या अशा तरंगत्या वनस्पतींच्या मुळांना चिकटून मुळांमधलीच हवा घेतात, त्यामुळे पाण्यावर तेल टाकूनही त्या मरत नाहीत. थरावर जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी आरामात चालताना दिसतात, आणि ते बघून ‘पक्षी आहेत म्हणजे तलाव निरोगी’ असं कुणी म्हणालं तर सांगा, बदकं, पाणकावळे, मोकळं पाणी लागणारे बाकीचे कुठे आहेत ते बघा.

फवारणी करून मारलेली जलपर्णी तळाला जाते, कुजते आणि शोषलेली सगळी अन्नद्रव्यं पाण्याला परत करते. काढून काठावर रचलेले ढीग पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा आत जातात. मूळच्या देशात जलपर्णी आटोक्यात ठेवणारे निओकेटिना नावाचे सोंडकिडे १९८२-८३ च्या सुमारास बेंगळुरूत आणले गेले, आणि बऱ्याच जागी त्यांचा उपयोग झाला. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया तळ्यातही १९९० च्या दशकात ते सोडले होते. पानावर खरवडल्यासारखे लहान चौकोनी फिकट डाग दिसले तर समजा की हे किडे तिथे आहेत, त्याची नोंद जरूर करा. पण ज्या नदीत दर पावसाळ्यात पूर येतो तिथे वनस्पतीबरोबर किडेही वाहून जातात, आणि भरपूर मैलापाणी मिळणारी वनस्पती किड्यांपेक्षा वेगाने वाढते. जलपर्णी पाण्यातली अन्नद्रव्यं शोषते हे खरंच आहे, त्यामुळे ती वेळेवर बाहेर काढून खत किंवा बायोगॅससाठी वापरणं चांगलं. फक्त कारखान्यांच्या सांडपाण्यातली जलपर्णी असेल तर तिच्यात जड धातूही असू शकतात. ते खत भाजीला घालण्याआधी तपासून घ्यावं.

तुमच्या गावच्या तळ्यात नवंच काही तरंगताना दिसलं, तर फोटो वरून एकच काढू नका. एक फोटो थराच्या कडेच्या रोपाचा, ज्यात देठ दिसेल. एक रोप उलटं करून मुळांचा. फूल असेल तर समोरून, वरची पाकळी दिसेल असा. आणि एक लांबून, ज्यात पाणी कुठून येतं, नाला कुठे मिळतो, बांध कुठे आहे हे कळेल. हा शेवटचा फोटो लोक काढतच नाहीत, आणि ओळख पटवणाऱ्याला, पुढे तक्रार करणाऱ्याला, तोच सर्वांत उपयोगी पडतो. रोपं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील तर त्याच दिवशी धावत्या दांड्यांसकट काढा आणि पाण्यापासून लांब, उन्हात पूर्ण वाळू द्या.

मग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जा. पाणी ओसरून जो ओला चिखल उघडा पडतो, तिथे काठाकाठाने बघत चला. चिखलातलं जुनं बी उजेड आणि उथळ पाणी मिळालं की रुजतं, आणि ही बाळरोपं मोठ्या जलपर्णीसारखी मुळीच दिसत नाहीत. पहिली पानं अरुंद, फितीसारखी लांबट, देठ नाही, फुगवटा नाही, आणि मुळं चिखलात घट्ट रुतलेली. गवत समजून माणूस त्यांच्यावरून पुढे जातो. काही दिवसांनी देठ असलेली गोल पानं येऊ लागतात, रोप चिखलातून सुटतं आणि तरंगायला लागतं. त्याआधी, ती फितीसारखी पानं असतानाच, उपटायची.